अर्धांगवायूची पूर्वसूचना

'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे महात्मा जोतीराव फुले यांस १८८८ साली अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांचे उजवे अंग लुळे पडले. तशा स्थितीत त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ लिहिला; १८९० साली ते निवर्तले. त्या काळी या रोगावर खरा इलाज नव्हता. आज आहे, परंतु तो घड्याळाशी बांधलेला आहे.

आपण 'अंगावरून वारे गेले' म्हणतो खरे, पण वाऱ्याचा येथे काही संबंध नाही. मेंदूस रक्त पुरविणारी नाडी गुठळीने बुजते किंवा फुटते. गुठळी असल्यास ती विरघळविणारे औषध ४॥ तासांच्या आत टोचावे लागते, आणि गुठळी की रक्तस्राव हे मेंदूची सीटी तपासणी केल्याखेरीज कळत नाही. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नये. पारव्याचे रक्त चोळणे, तेल लावणे यांत तर घटका फुकट जातात.

लक्षणे एकाएकी येतात. भात कापताना हातातून विळा गळतो. हसावयास सांगितले तर तोंड एका बाजूस ओघळते. दोन्ही हात वर धरविले तर एक खाली येतो. बोलणे बोबडे होते. कोणास एका डोळ्याने दिसेनासे होते, कोणाचा तोल जातो. यांतील एक खूणही पुरे.

सर्वांत फसवी गोष्ट ही की, कधी दहा-वीस मिनिटांत सर्व पूर्ववत होते. मनुष्य पाणी पिऊन पुन्हा कामास लागतो व घरची मंडळी उन्हावर दोष ठेवितात. खरा झटका पुढील दोन दिवसांत येण्याचा धोका अशा वेळीच फार असतो. तेव्हा बरे वाटले तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पाचाडाहून महाड सुमारे २५ किलोमीटर, तेही घाटवळणांचे. डोंगरावरील वाड्यांतून रोग्यास सडकेपर्यंत आणण्यातच वेळ मोडतो. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी आणि सीटी तपासणी कोठे होईल हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. रोग्यास कुशीवर निजवावे. गिळता येत नसल्यास घोटभर पाणीही श्वासनलिकेत उतरते, म्हणून तोंडात काही घालू नये. रोगी धडधाकट शेवटचा केव्हा दिसला ती वेळ कागदावर टिपून बरोबर द्यावी. सातबाऱ्यावरील नोंदीस आपण जितके जपतो, तितकेच हिला जपावे, कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच करितात.

चाळिशी उलटलेल्यांनी रक्तदाब मोजवून घ्यावा. तो वाढला तरी बहुधा कळत नाही. गोळी सुरू असल्यास बरे वाटते म्हणून ती सोडू नये. सुकट, लोणचे व पापड बेताने खावे, तंबाखू मात्र पुरती टाकावी.