टर्बो गाडीचा प्लग : थ्रेड जुळला म्हणजे काम झालं असं नाही

बेळगाव : गोव्याहून परतताना केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलं, ऍक्सिलरेटर दाबला की गाडी झटके देते, 'मिसिंग' करते. सपाटीला आलं की पुन्हा सगळं सुरळीत. टर्बो पेट्रोल गाडीत अशी तक्रार आली तर कॉइल, टर्बोच्या पाइपमधली गळती, इंधन अशी बरीच कारणं असू शकतात. पण सर्वांत आधी, आणि सर्वांत कमी खर्चात तपासता येते ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. अलीकडे छोट्या गाड्यांतही तीन सिलिंडरची टर्बो इंजिनं आली आहेत. तिथे एक प्लग चुकला तरी गाडीची तिसरा हिस्सा ताकद जाते.

टर्बोला गॅप कमी का?

प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडी मारते. या फटीलाच गॅप म्हणतात. मोकळ्या हवेत ही उडी सोपी असते. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेली की तीच उडी अवघड होते आणि कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. टर्बो तर बाहेरून जादा हवा कोंबतो. एक बार बूस्ट म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट. गॅप मोठा आणि दाबही मोठा असेल तर कॉइल कमी पडते. मग ठिणगी पडतच नाही, किंवा चिनीमातीच्या बाहेरून वाट काढून वाया जाते. चढावर, लोड असतानाच गाडी मिसिंग करते ती यामुळे.

म्हणून साध्या इंजिनात १ ते १.१ मिमी गॅप चालतो, तर टर्बोत तो साधारण ०.६ ते ०.८ मिमी ठेवतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरावा. 'अजून कमी केला तर अजून बरं' हेही खरं नाही. फट फार लहान झाली तर ठिणगीही लहान पडते, मिश्रण नीट पेट घेत नाही आणि सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते.

थंड प्लग, गरम प्लग

दुसरी गोष्ट हीट रेंज. प्लगने आपल्या टोकाची उष्णता किती लवकर सिलिंडर हेडला द्यायची, त्याचं हे माप. लवकर देतो तो थंड प्लग, धरून ठेवतो तो गरम. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर त्यावरचा कार्बन आपोआप जळतो. पण ते ८०० ते ८५० अंशांच्या पुढे गेलं की टोकच निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगीची वेळ येण्याआधीच मिश्रण पेटवतं. टर्बो इंजिनात असं वारंवार झालं तर पिस्टन जायला वेळ लागत नाही. प्लगचे पैसे वाचवताना इंजिन उघडायची पाळी येते ती इथे.

खरी फसगत नंबरांत होते. एनजीके आणि डेन्सो यांचा नंबर वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात उलट आहे, नंबर वाढला की प्लग गरम. त्यामुळे एका कंपनीचा नंबर पाहून दुसऱ्या कंपनीचा प्लग अंदाजाने घेऊ नये, कंपनीच्या तक्त्यातच जोड पाहावी. थ्रेडची लांबीही जुळायला हवी. जादा लांब प्लगवर पिस्टन आपटू शकतो.

गाडी कंपनीच्या मूळ सेटिंगवर असेल तर मॅन्युअलमधला प्लगच योग्य. रिमॅप करून बूस्ट वाढवला असेल तर बहुधा एक पायरी थंड प्लग आणि थोडा कमी गॅप घेतात, तेही रिमॅप करणाऱ्याला विचारूनच.

इरिडियमचं टोक जपावं

निकेलचा प्लग स्वस्त, पण लवकर झिजतो. आणि झीज म्हणजे गॅप वाढणं. इरिडियम सुमारे २,४४६ अंशांना वितळतं, निकेल १,४५५ अंशांना. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं, जास्त टिकतं आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी देतं. मात्र ते ठिसूळ असतं. नाण्यासारखं गोल गॅप-माप त्यात घुसवून फाकवलं तर टोक तुटू शकतं.

गॅप मोजायला तारेचं माप बरं. बदलायचाच असेल तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलक्या हाताने वाकवावी, मधल्या टोकाला टेकू देऊ नये. 'गॅप करूनच येतो' असं दुकानदार म्हणाला तरी प्रत्येक प्लग मोजावा. प्रवासात खोकं पडलं असेल तर पट्टी दबलेली असू शकते.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड असावं. कॉइल काढल्यावर आधी हवा मारून खड्ड्यातली धूळ उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. पहिले काही आटे हातानेच फिरवावेत, शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच आवळावं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर खर्च प्लगच्या कित्येक पट. ढिला राहिलेला प्लगही वाईट, कारण उष्णता हेडकडे जात नाही.

जुना प्लग काय सांगतो?

जुने प्लग लगेच टाकू नयेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे जादा इंधन किंवा गरजेपेक्षा थंड प्लग. पांढरं फटक, फोड आलेलं टोक म्हणजे जास्त तापणं. त्यावर चकचकीत कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, तेव्हा गाडी चालवू नये. बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर धातूलगत तपकिरी कडं दिसतं, ते मात्र गळतीचं लक्षण नाही. तेवढ्यासाठी प्लग बदलायची गरज नाही.

मिसिंग सुरू असताना 'बघू पुढच्या सर्व्हिसला' म्हणणं महागात पडतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो खराब होतो. तीन-चार प्लगच्या हिशेबापुढे तो खर्च फार मोठा आहे. गॅरेजमधून निघताना बिलावर प्लगचा पूर्ण नंबर, ठेवलेला गॅप आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. पुढच्या वेळी मेकॅनिक बदलला तरी अंदाजावर काम होणार नाही.