आधी थांबायला शिकवा

फोनवर उघडणारं घरगुती बनावटीचं गेट बघून या, असं संपादक म्हणाले. ते गेट कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे, ओतकामाच्या आणि लेथच्या शेडांमधल्या एका फॅब्रिकेशनच्या दुकानाला. १२ फुटी सरकतं गेट. खाली उलटा टाकलेला अँगल, त्यावरून पळणारी खाचेची चाकं, टेम्पोची जुनी वायपर मोटर, मोटरसायकलची चेन आणि १२ व्होल्टची बॅटरी. सगळं दुकानाच्या मिस्त्रींनी स्वतः जमवलेलं. भिंतीवरच्या एका बटणावर ते चालायचं. आता त्याला रिमोट आणि मोबाईल जोडला आहे.

दूरवरचं यंत्र फोनवरून चालवणं महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ आलं आणि विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू-बंद होऊ लागली. रात्रीच्या लाइटीसाठी अंधारात शिवार गाठणं ज्यांचं वाचलं, त्यांना त्याचं मोल ठाऊक आहे. पुढे २०१४ मध्ये शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वायफाय चिप बाजारात आली. तिचा बोर्ड काहीशे रुपयांत मिळू लागला आणि छोट्या दुकानांतही असले प्रयोग सुरू झाले.

जोडणी सोपी आहे. भिंतीवरच्या बटणाच्या दोन वायरींना समांतर एक रिले टाकायचा. रिमोटचा रिसीव्हर किंवा वायफाय बोर्ड तो रिले अर्धा सेकंद ओढतो आणि गेटला वाटतं, बटण दाबलं. जुन्या वायरिंगला हातही लावावा लागत नाही.

मिस्त्रींनी मात्र रिमोट दाखवायच्या आधी मला गेटच्या टोकाशी नेलं. तिथे बोटाएवढ्या दांडीचा, टोकाला चाक असलेला लिमिट स्विच आहे. गेटला वेल्ड केलेली पट्टी त्या चाकावर चढते, दांडी दबते, आतला संपर्क तुटतो आणि मोटर थांबते. दुसऱ्या टोकालाही तसाच स्विच. प्रत्येक स्विचवर त्यांनी एक जाडजूड डायोड आडवा टाकलाय. त्यामुळे गेट ज्या दिशेने येऊन टेकलं त्या दिशेचा करंट बंद, उलट दिशेचा मोकळा. टोकाला पोचलेलं गेट पुढे रेटलं जात नाही, मागे मात्र निघतं. या कामात बोर्ड नाही, प्रोग्रॅम नाही, इंटरनेट नाही. मोटरचा करंटच त्या स्विचमधून जातो.

“साहेब, मोबाईल हँग हुईल, वायफाय जाईल,” मिस्त्री म्हणाले, “पर ही पट्टी टेकली की मोटर थांबायलाच पायजे. तिनं कुणाला इचारायचं काम नाही.”

उघडण्याची आज्ञा कुठूनही येऊ दे, थांबण्याची सोय गेटपाशीच हवी, हे त्या दोन डायोडांनी मला शिकवलं. बटण भिंतीवर होतं तोवर दाबणाऱ्याची नजर गेटवर असायची. फोन आला आणि ती नजर तिथून निघून गेली. पुढच्या सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात.

पहिली अडचण लाइटीची. वीज जाऊन आली की बोर्ड नव्याने सुरू होतो आणि त्या क्षणी त्याच्या काही पिना आपोआप वर-खाली होतात. रिले अशा पिनेवर असेल तर तो एकदा ओढला जातो आणि घरची माणसं झोपलेली असताना गेट सताड उघडतं. उपाय म्हणजे रिले ईएसपी८२६६च्या जीपीआयओ ४ किंवा ५ या पिनेवर घ्यायचा, कारण त्या सुरू होताना शांत असतात, आणि बोर्डही गेटच्या बॅटरीवरच चालवायचा.

दुसरी अडचण एकाच बटणाची. एकदा दाबलं की उघडतं, पुन्हा दाबलं की थांबतं, मग बंद होतं. नेटवर्क मंद असलं की माणूस फोनवर दोनदा बोट मारतो आणि गेट अर्ध्यावर अडकतं. म्हणून ‘उघड’ आणि ‘बंद’ अशा वेगळ्या आज्ञा हव्यात. गेट खरंच मिटलंय का, हे फोनला कळायला चुंबकाचा रीड स्विचही हवा.

तिसरी अडचण चोरीची. बाजारातल्या स्वस्त रिमोटांत बहुतेकदा १५२७ जातीची चिप असते. तिचा संकेत २० बिटांचा, म्हणजे साधारण साडेदहा लाख शक्यतांमधला एक, आणि दर वेळी तोच. ‘कॉपी रिमोट’ तो सहज उचलतो. दर दाबाला बदलणारा रोलिंग कोड कितीतरी बरा. पण २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी कीलॉक ही प्रसिद्ध रोलिंग पद्धतही फोडून दाखवली. रिमोट ही सोय आहे. कुलूप वेगळं ठेवावंच.

मिस्ड कॉलवर गेट उघडणारी यंत्रंही आहेत. फोन उचलला जात नाही, पैसे लागत नाहीत, म्हणून ती लोकांना आवडतात. पण त्यांतली स्वस्त यंत्रं टू-जीवर चालतात, आणि जिओचं सिम त्यांत चालत नाही, कारण जिओचं टू-जी नेटवर्कच नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मुलांची. गेटच्या वाटेत किरणांचा सेन्सर लावतात, पण तो मोटारीच्या बंपरच्या उंचीवर असला तर खाली बसलेलं पोर त्याला दिसत नाही. मोटरचा करंट वाढला की उलट फिरायची युक्ती चांगली. पण पावसाळ्यात अँगलवर चिखल साचला की करंट तसाही वाढतो, आणि ती मर्यादा पुन्हा बसवावी लागते. दोन्ही उपाय एकत्र हवेत. टोकाला भक्कम स्टॉपर नसेल तर सरकतं गेट रुळावरून सुटून माणसावर कोसळू शकतं. वायपर मोटरच्या वर्म गिअरमुळे गेट हाताने ढकलता येत नाही. ही बंद गेटची ताकद असली, तरी आत आग लागली तर तीच जिवावर येईल. म्हणून मिस्त्रींनी चेन सोडवायची पिन आतल्या बाजूला ठेवली आहे आणि आतल्या म्हाताऱ्या माणसांनाही ती ओढायला शिकवली आहे.

तुमच्या दारी असं गेट बसणार असेल, तर ॲप कोणतं हे नंतर विचारा. आधी फॅब्रिकेटरला म्हणा: दोन्ही टोकांचे स्टॉपर दाखवा, गेट चालू असताना मध्ये पुठ्ठ्याचा खोका ठेवून ते थांबवून दाखवा, आणि लाइट बंद करून आतून हाताने उघडून दाखवा. ही तीन कामं डोळ्यांदेखत झाल्याशिवाय रिमोट हातात घेऊ नका.