शिगाराकीच्या भट्टीवरची पाळी

शिगाराकीची माती हातात घेतली की आधी खडे लागतात. बिवा सरोवर लाखो वर्षांपूर्वी आजच्या जागेच्या दक्षिणेला होतं. त्याच्या जुन्या तळाशी साचलेला गाळ म्हणजे ही माती, आणि तिच्यात फेल्डस्पारचे आणि गारेचे कण सगळीकडे पेरलेले. मऊसूत मातीवर हात बसलेल्या माणसाचे तळवे इथे चाकावर पहिल्याच दिवशी सोलवटतात. पण या कणांमुळेच माती मोठा आकार तोलून धरते, कडक आच सोसते, आणि भाजून निघाली की हेच कण पांढरे ठिपके होऊन अंगावर उमटतात. माणसाएवढं शिल्प मातीत उभं करू पाहणारे लोक जगाच्या कानाकोपऱ्यांतून इथे येतात, ते या मातीच्या ओढीनं.

शिगाराकी हे जपानच्या शिगा प्रांतातलं डोंगरांच्या कुशीतलं गाव. तेराव्या शतकापासून इथे भट्ट्या पेटत आल्या आहेत. धान्याचे आणि पाण्याचे रांजण, शोगुनांच्या दरबारी जाणाऱ्या चहाच्या बरण्या, मग घरोघरच्या शेगड्या. गॅसचे आणि विजेचे हीटर आले, शेगड्यांचा धंदा बसला आणि गाव बागेतल्या कुंड्यांकडे, फरशांकडे वळलं. दुकानांपुढे आज मातीच्या तानुकींच्या, म्हणजे जपानी रॅकून कुत्र्यांच्या मूर्तींच्या, रांगा दिसतात, पोट सुटलेल्या, डोक्यावर गवती टोपी. 1990 साली शिगा प्रांतानं गावालगतच्या टेकडीवर सिरॅमिकचं सांस्कृतिक केंद्र उभारलं आणि 1992 पासून तिथे देशोदेशींचे कलावंत येऊन राहू लागले, काम करू लागले. सगळे कुंभारच असतात असं नाही. रागीट डोळ्यांच्या मुलांची चित्रं काढणारा योशितोमो नारा मातीकडे वळला तो इथेच, 2007 च्या सुमारास.

रेसिडेन्सी म्हटलं की डोळ्यांपुढे स्वतंत्र स्टुडिओ, निवांतपणा, एकांत येतो. तो इथेही मिळतो. पण अनागामा भट्टी लावायची ठरली की तो संपतो, आणि माझ्या मते शिगाराकीचं खरं देणं तिथून पुढे सुरू होतं.

अनागामा म्हणजे उतारावर बांधलेली एकच लांबट, कमानदार पोकळी. खालच्या टोकाला तोंड, वरच्या टोकाला धुराडं. जाळ आणि भांडी यांच्यामध्ये भिंत नाही. लाकडाची राख झोताबरोबर उडते, तापलेल्या मातीवर बसते आणि 1250 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून तिची हिरवट काच होते. एवढी मोठी भट्टी एकट्याच्या कामानं भरत नाही आणि एकट्याच्यानं जागवतही नाही. म्हणून चार देशांचे सात-आठ जण एकत्र येतात.

पहिली बोलाचाली भरतानाच होते. तोंडाजवळची जागा सगळ्यांत दाहक. तिथल्या भांड्यांवर राखेचा थर चढतो, बुडं निखाऱ्यात गाडली जाऊन काळी खरपूस होतात. मधल्या भागात शेंदरी छटा येते. मागे सगळं सौम्य. पुढची जागा हवी प्रत्येकालाच, पण तिथे भांडं तडकण्याचा धोकाही सर्वांत जास्त. मी पाहिली त्या भट्टीत डेन्मार्कच्या एका शिल्पकार बाईंनी आपला उंच स्तंभ पुढे ठेवायचा आग्रह धरला. त्याच्या मागे कोरियाच्या तरुणाचे रांजण होते. स्तंभामुळे झोत अडेल, माझ्या रांजणांपर्यंत राख पोचणारच नाही, असं त्याचं म्हणणं. भट्टी सांभाळणारे तिथले वयस्क गृहस्थ बराच वेळ गुडघ्यांवर बसून आत पाहत राहिले. मग त्यांनी स्तंभ वीतभर डावीकडे सरकवायला सांगितलं. झोत आता स्तंभाला वळसा घालून मागे जाणार होता. प्रत्येक भांड्याखाली अॅल्युमिना मिसळलेल्या मातीच्या गोळ्या ठेवल्या, म्हणजे वितळलेली राख ओघळली तरी बूड चिकटू नये. शेवटी विटा रचून तोंड बंद केलं, सरपण टाकायला एक झरोका ठेवून.

पहिला दिवस नुसती धग. मातीतला ओलावा हळूहळू जायला हवा, घाई केली की भांडी आतच फुटतात. त्यानंतर रात्रंदिवस पाळ्या. पाळीवर दोघं. अंगावर सुती कपडे, कारण कृत्रिम धाग्याचं कापड अशा धगीत अंगाला चिकटतं. हातात चामड्याचे मोजे. सरपण लाल पाइनचं, कारण त्याची ज्योत लांब जाते.

मध्यरात्रीनंतरच्या एका पाळीत आकडा अडला. मेक्सिकोची मुलगी आणि कोरियाचा तरुण, दोघंही जोमानं ढलप्या टाकत होते आणि तापमान जागचं हलत नव्हतं. धुराड्यातून काळा धूर लोटत होता, बाजूच्या भोकांतून ज्वाळा जिभा काढत होत्या. बघणाऱ्याला वाटावं, काय आग आहे! गृहस्थ आले, खालची हवेची भोकं उघडून त्यांनी निखारे उकरले आणि हातानंच खूण केली, थांबा. आत लाकूड जास्त आणि हवा कमी झाली होती. काळा धूर विरळ होत गेला, भोकांतली ज्वाळ आखडली, आणि सरपण न टाकताच आकडा चढू लागला. ज्वाळ पुरती आत गेल्यावर त्यांनी पुढची ढलपी टाकू दिली. मग तो ताल दोघांना सापडला: टाकायचं, धूर बघायचा, ज्योत आखडेपर्यंत थांबायचं, पुन्हा टाकायचं. दोघांची एकही भाषा सामाईक नव्हती. पहाटेपर्यंत मात्र एकानं झरोक्याचं झाकण उचललं की दुसऱ्याचा हात लाकडासह तिथे पोचलेला असे. प्रत्येक नोंद वहीत: वेळ, तापमान, धुराचा रंग, पाळीवरची नावं.

यात मला मोठी गोष्ट दिसते. आजचा कलावंत आपल्या कामाच्या कणाकणावर आपली मुद्रा असावी म्हणून झटतो. इथे त्याचं महिन्यांचं काम, तो झोपलेला असताना, दुसऱ्या कुणाच्या हाती असतं, आणि त्या वेळी त्याच्या हाती असतं दुसऱ्याचं. एवढा विश्वास एरवी क्वचितच कुणी कुणावर टाकतं. आपल्याकडेही जपानी कुंभारकामाची ही परंपरा थोडी पोचली आहे. जपानमध्ये बिझेनला शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासोबत 1971 मध्ये पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि भारतातले कितीतरी स्टुडिओ कुंभार तिथे घडले.

पाचव्या दिवशी झरोका आणि भोकं लिंपून टाकली. भट्टी निवायला जवळजवळ आठवडा लागला. उघडली तेव्हा डेन्मार्कच्या स्तंभाला एका बाजूनं उभी चीर गेलेली. दुसऱ्या बाजूनं मात्र राखेची हिरवी काच खालपर्यंत ओघळली होती. कोरियाच्या रांजणांवर झोतानं आपली वाट स्पष्ट उमटवली होती, एका अंगाला शेंदरी, दुसऱ्या अंगाला करडी. बाईंनी चिरेवरून बोट फिरवलं आणि वही मागितली. त्या आणि कोरियाचा तरुण पानं उलटत बसले, कुठल्या तासाला आच एकदम चढली, तेव्हा पाळीवर कोण होतं, चीर चढताना गेली की निवताना. चिरेची कड काचेच्या ओघळानं कुठेच गोलावली नव्हती, धारदार होती, त्यावरून निवतानाच, असं तरुणाचं मत पडलं. बाईंना ते पटलं. बाकीचे एव्हाना बुडाच्या गोळ्या छिन्नीनं उडवून तळ घासायला बसले होते.