कंटेनरच्या आतबाहेर – भाग ४ : होस्टवर नसलेले माउंट

कंटेनर थांबला, आता तो पुसून टाकायचा म्हणून डॉकरला आज्ञा दिली आणि उत्तर आले, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. सेंटओएस ७ वर सर्व्हर सांभाळणाऱ्या कितीतरी मंडळींना या एका ओळीने छळले. कंटेनरची प्रोसेस संपलेली, होस्टच्या माउंट-यादीत त्याचा मागमूस नाही, तरी त्याची डिरेक्टरी हटायला तयार नाही. मशीन रीबूट केले की काम भागे, पण कारण कळत नसे.

कारण होते भलत्याच ठिकाणी. लिनक्समध्ये माउंटची यादी सगळ्या मशीनची मिळून एकच असेल असे नाही. २००२ साली कर्नल २.४.१९ मध्ये माउंट नेमस्पेस आली, लिनक्समधली पहिलीच नेमस्पेस. तेव्हापासून प्रोसेसच्या एखाद्या गटाला स्वतःची वेगळी यादी ठेवता येते. मात्र नवी नेमस्पेस रिकामी जन्मत नाही. ज्या नेमस्पेसमधून ती निघाली, तिच्यातल्या सगळ्या माउंटची त्या क्षणीची नक्कल ती बरोबर घेऊन येते.

सुरुवातीला या नकलांचा एकमेकींशी काहीच संबंध नसे. होस्टवर सीडी माउंट केली, तरी दुसऱ्या नेमस्पेसमधल्या प्रोसेसला ती दिसत नसे. जानेवारी २००६ मध्ये आलेल्या कर्नल २.६.१५ ने ही अडचण सोडवली आणि प्रत्येक माउंटला प्रसाराचा प्रकार दिला. 'शेअर्ड' असेल तर बदल दोन्ही बाजूंनी पोहोचतो. 'स्लेव्ह' असेल तर मुळाकडचा बदल नकलेत येतो, उलट जात नाही. 'प्रायव्हेट' असेल तर दोन्हीकडची दारे बंद. अनबाइंडेबल हा चौथा प्रकार क्वचितच लागतो.

प्रत्येक कंटेनर स्वतःच्या माउंट नेमस्पेसमध्ये चालतो. त्याला होस्टची डिरेक्टरी जोडताना डॉकर वेगळे काही सांगितले नाही तर 'प्रायव्हेट' प्रकार वापरतो. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण गाठ इथेच बसते. गूगलचे सीॲडव्हायझर हे देखरेखीचे साधन घ्या. आकडे गोळा करायला ते होस्टची रूट आणि डॉकरची साठवणीची डिरेक्टरी स्वतःच्या कंटेनरमध्ये माउंट करून घेते. त्या वेळी चालू असलेल्या इतर कंटेनरांची माउंटही नकलेत ओढली जातात. पुढे त्यांपैकी एखादा कंटेनर थांबतो, होस्टवर अनमाउंट होते, पण ही बातमी प्रायव्हेट नकलेपर्यंत पोहोचतच नाही. सीॲडव्हायझर जिवंत आहे तोवर मेलेल्या कंटेनरचे माउंटही जिवंत! ते 'रीड ओन्ली' असले तरी फरक पडत नाही. अडवणूक लिहिण्याची नसून माउंट धरून ठेवण्याची आहे.

त्यात जुन्या कर्नलचा नियम कडक होता: कोणत्याही नेमस्पेसमध्ये जिच्यावर काही माउंट आहे ती डिरेक्टरी हटवायची नाही. कर्नल ३.१८ ने तो सैल केला. आता दुसऱ्या नेमस्पेसमधले माउंट आपोआप सुटते. सेंटओएस ७ मात्र ३.१० वर उभे होते. सेंटओएस ज्यावरून बनते त्या रेड हॅटने ७.४ मध्ये हा बदल त्याच जुन्या कर्नलमध्ये आणून त्यासाठी वेगळी सेटिंग दिली, म्हणून जुन्या मशीनवर ती चालू आहे का हे पाहावेच लागते.

दोषी शोधायची रीत सोपी आहे. '/प्रॉक'खाली प्रत्येक प्रोसेसची 'माउंटइन्फो' नावाची फाइल असते. सगळ्या प्रोसेसच्या या फाइलींत अडलेल्या डिरेक्टरीचे नाव ग्रेप केले की कुणी धरून ठेवले आहे ते समोर येते.

यादी चोख असली म्हणजे भिंत पक्की, असेही समजू नये. डॉकर ज्याच्या मदतीने कंटेनर सुरू करतो त्या रनसीमधली एक त्रुटी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. होस्टवरच्या एका डिरेक्टरीचा उघडा फाइल डिस्क्रिप्टर कंटेनर सुरू होताना बंद करायचा राहून जात होता. घातक इमेजने आपली कार्यरत डिरेक्टरी त्याच डिस्क्रिप्टरवर ठेवली की कंटेनरमधली प्रोसेस थेट होस्टच्या फाइलसिस्टिममध्ये उभी राही. माउंटच्या यादीत यातले काहीच दिसत नव्हते. आवृत्ती १.१.१२ मध्ये हे भोक बुजवले गेले.

आपल्या सर्व्हरवर त्याआधीची रनसी असेल तर ती आजच बदला. होस्टची रूट कंटेनरला जोडणे शक्यतो टाळा. देखरेखीसाठी ती द्यावीच लागली, तर प्रसार 'आरस्लेव्ह' (आतल्या सगळ्या माउंटनाही लागू होणारा 'स्लेव्ह') ठेवा, म्हणजे होस्टवरचे अनमाउंट आतही पोहोचेल. यूजर नेमस्पेसमुळे माउंट करण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्याच्या हाती कसा आला, ते पुढच्या आठवड्यात.