चटईएवढी कातडी, आठ सेकंदांचा हात

कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली तीन बाय सहा फुटांची चटई उलगडून बघा. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर साधारण तेवढीच भरेल. कल्पना ओंगळ आहे, पण अंदाज येतो. या कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर अंगावर बहुतेक ठिकाणी 10 ते 20 मायक्रॉनांचा असतो, म्हणजे वहीच्या कागदाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. आपण सुकून जात नाही ते या पापुद्र्यामुळे. आणि तोही रोज झडत असतो. दिवसाला सुमारे 50 कोटी पेशी गळतात असा एक अंदाज आहे. तीन दिवसांत भारताच्या लोकसंख्येहून जास्त! (म्हणून घरातली सगळी धूळ आपल्याच कातडीची, असं मात्र नाही. रस्त्याची माती आणि कपड्यांचे तंतूही त्यात भरपूर असतात.)

याच चटईत 20 ते 40 लाख घामाच्या ग्रंथी आहेत. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्या उष्णतेत आठेक लिटर पाणी उकळेल. अट एकच, घाम वाळला पाहिजे. मे महिन्यात कोकणात तो नुसताच ओघळतो आणि जीव नकोसा होतो.

पण मला खरं चक्रावून टाकलं ते स्पर्शाच्या आकड्यांनी. स्वीडनमधल्या 2013च्या एका प्रयोगात माणसाच्या बोटाला पृष्ठभागावरच्या फक्त 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या कळल्या. केसाची जाडी याच्या काही हजार पट! ही खबर नेणारे मज्जातंतू सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने धावतात. केसाळ कातडीत मात्र आणखी एक जात आहे, सेकंदाला मीटरभर सरकणारी. इतक्या धिम्या तारेचा उपयोग काय? ती सर्वांत जास्त जागी होते ती हलका हात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने फिरला की. आणि लोकांना विचारलं तर सुखद वाटणारा वेगही नेमका हाच निघतो. पाठीवरून हात फिरवायचा, तो याच चालीने.

या हाताचं मोल काय, त्याचाही एक आकडा आहे. भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत मिळून 3,211 नवजात बाळांवर एक अभ्यास झाला. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी एक ते 1.8 किलोच्या आतली. काहींना प्रकृती स्थिरावेपर्यंत न थांबता जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं, दिवसाला जवळजवळ 17 तास. पहिल्या 28 दिवसांत त्यांच्यातली शेकडा 12 दगावली. दुसऱ्या गटात शेकडा 15.7. ऊब, दूध, कमी जंतुसंसर्ग असं सगळंच यात आलं, श्रेय एकट्या स्पर्शाला देता येत नाही. पण ते सगळं आलं कातडीला कातडी लागण्यासोबतच.

आता उलटी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कोणत्याही क्षणी जगात सुमारे 180 कोटी लोकांना त्वचेचा काही ना काही विकार असतो. कोड आणि सोरायसिस तर स्पर्शाने पसरतच नाहीत. तरी पंगतीत शेजारचा पाट रिकामा राहतो, सुट्टे पैसे हातावर न देता गल्ल्यावर ठेवले जातात. ज्यांच्या कातडीला आधीच त्रास, त्यांच्याच वाटचा हात आपण आखडता घेतो. खाज मलमाने थांबेलही. हे कशाने थांबायचं?

परवा फूटपट्टी घेऊन बसलो. आईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत 24 सेंटिमीटर भरला. सेकंदाला तीनच्या हिशेबाने आठ सेकंद. घड्याळाकडे बघत हात फिरवला. आठ सेकंद फार लांब असतात हो. मनगटाशी पोचलो तेव्हा आईने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "काय हवंय रे?"