घरातला समुद्र

पनवेलकरांना समुद्राची ओळख करून देणे म्हणजे काशीकराला गंगा दाखवण्यासारखे आहे. आपली खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा ओसरते. आषाढात तिचे पाणी मचूळ होते, वैशाखात पुन्हा खारट होते. हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो. तरीही हाच समुद्र काचेच्या पेटीत भरून दिवाणखान्यात ठेवण्याची वेळ आली, की ही ओळख किती वरवरची होती ते कळून येते.

गप्पी आणि सोनमासे पाळून हात बसला म्हणजे हौशी माणसाचे मन खाऱ्या पाण्याकडे वळते. प्रथम दोन फुटी टाकी येते, तीत क्लाउनफिश म्हणजे विदूषक माशांची नारिंगी जोडी येते, आणि वर्षभरात ती टाकी अपुरी वाटू लागते. मग दोन प्रश्न उभे राहतात. टाकी वाढवावी ती कशी? आणि वाढलेल्या टाकीत ठेवावे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्र देते. दुसऱ्यासाठी मात्र शास्त्राबरोबर कायद्याला, आणि थोडेसे आपल्या मनालाही, विचारावे लागते.

प्रथम पाण्याचा विचार करू. खाडी जवळ असताना पाणी विकत का करावे, असे कोणीही विचारील. परंतु खाडीच्या पाण्यात गाळ असतो, कारखान्यांचे आणि गटारांचे सांडपाणी असते, आणि तिचा खारेपणा ऋतूप्रमाणे बदलतो. खुल्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि प्रवाळांच्या प्रदेशात हे प्रमाण फारसे हलत नाही. बरे, स्वयंपाकघरातले मीठ गोड्या पाण्यात विरघळवले तर? त्याचे उत्तर मिठागरावर मिळते. आगरात पाणी आटत जाते तेव्हा चुन्याचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहते. आगरी ते पाणी सोडून देतो. म्हणूनच आपले मीठ कडू लागत नाही. समुद्रातील क्षारांत मिठाचा वाटा पाऊण हिश्श्याहून थोडा अधिक, एवढेच. उरलेल्या पाव हिश्श्यावर शंखांचे कवच आणि प्रवाळांचा सांगाडा उभा असतो. म्हणून मत्स्यालयासाठी मुद्दाम तयार केलेले क्षारमिश्रण घ्यावे, ते गाळलेल्या निःक्षार पाण्यात कालवावे, आणि घनतामापकावर १.०२५ हा आकडा आला की थांबावे.

आता टाकीच्या आकाराकडे वळू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात त्यातून दोन लिटर पाणी उडाले, तर क्षार मागेच राहतात आणि खारेपणा ३५ वरून ३६ च्या पुढे जातो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी राहते. तिचा पृष्ठभाग तिप्पट आहे, तेव्हा पाणीही तिप्पट, म्हणजे सहा लिटर उडेल. तरी खारेपणा ३६ च्या आतच राहतो. एखादा मासा कपारीत मरून पडला, तर त्याचे विष साडेचारपट पाण्यात विभागले जाते. मोठ्या टाकीचा खरा लाभ हा आहे. तिच्यात अधिक मासे मावतात म्हणून ती चांगली नव्हे. तिच्यात चूक सोसण्याची ताकद असते म्हणून चांगली. मात्र पाणी, दगड आणि काच मिळून तिचे वजन तीनशे किलोच्या वर जाते. तेव्हा ती भक्कम चौकटीवर, भिंतीलगत ठेवावी.

उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घालायचे असते, हे मी एका गणेशोत्सवात पुरते शिकलो. आम्ही आठवडाभर गावी गेलो होतो. शेजाऱ्यांनी, खारे पाणी कमी झाले म्हणून, रोज मोठ्या मायेने खारेच पाणी घातले. आम्ही परतलो तेव्हा मासे गेलेले होते. दोष त्यांचा नव्हता. सांगायचे मीच विसरलो होतो.

ह्या खेळातले खरे कामकरी डोळ्यांना दिसतच नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंची एक जात त्याचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट करते. पहिले दोन्ही पदार्थ विषारी. तिसरा बराच सौम्य, आणि तो दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलून आटोक्यात ठेवता येतो. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात, आणि नव्या टाकीत ती वसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जुन्या टाकीतले दगड नव्या टाकीत हलवताना ते नळाच्या पाण्याने धुऊ नयेत. नळातले क्लोरीन ती सारी वस्ती संपवते. दगड जुन्या टाकीच्याच पाण्यात हलकेच खळबळावेत, ओलेच न्यावेत, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची खात्री झाल्यावरच नवा मासा आणावा.

उकाडा हा आपल्याकडचा मोठा शत्रू. खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा सुमारे एक-पंचमांश प्राणवायू कमी विरघळतो, आणि पाणी तापेल तसा तो आणखी घटतो. पाण्याचे तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास राहावे. त्यासाठी पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. मडक्यातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने हेही होते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा.

आता दुसरा प्रश्न. १८५० च्या सुमारास लंडनचे रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी बंद टाकीत मासे, गोगलगाई आणि वनस्पती यांचा तोल राखून दाखवला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि फिलिप गॉस यांच्या पुस्तकांमुळे घरोघरी समुद्र ठेवण्याची लाट आली. पुढे १९०७ साली त्यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनी खंताने लिहिले, की वडिलांच्या पुस्तकांनी मोहित झालेल्या संग्राहकांच्या झुंडींनी ते सुंदर खडकाळ किनारे ओरबाडून ओसाड केले. प्रेमाने केलेली लूट ती लूटच.

आपल्याकडे हा धोका ओळखून २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व प्रवाळे घालण्यात आली. समुद्रपंखा, समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीही तिथेच, वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसली. जिवंत प्रवाळच नव्हे, त्याचा वाळलेला सांगाडा बाळगणेही गुन्हा ठरते, आणि अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. हे नियम कोठे दूरच्या बेटांपुरते नाहीत. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य झाले. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या आड हाजीअली व वरळीच्या खडकांवरील थोडी प्रवाळे आली, तेव्हा २०२० साली रीतसर परवानगी घेऊन, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ती दुसरीकडे हलवावी लागली. शासनाला जे परवानगीवाचून हलवता येत नाही, ते आपण पिशवीत घालून घरी कसे आणावे?

हा निव्वळ कायद्याचा धाक नव्हे. प्रवाळ हा एक इवलासा प्राणी. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे यजमानाला देते. पाणी नेहमीच्या उन्हाळी पातळीच्या वर एखाद-दोन अंश काही आठवडे तापले, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरेफटक होते. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे संकट आले. ज्याला अख्ख्या अरबी समुद्रात उसंत मिळेना, त्याचा मे महिन्यातल्या आपल्या दिवाणखान्यात काय पाड?

मग टाकीत ठेवावे काय? भाजलेल्या मातीचे किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड रचून कपारी कराव्यात. प्रथम शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई सोडाव्यात. नंतर विदूषक माशांची एक जोडी आणावी, ती मात्र बंदिवासात जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ह्या माशांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात सिद्ध केले आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेल्या माशाचा हट्ट धरण्याचे कारण उरत नाही. नवा मासा महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून मगच मोठ्या घरात न्यावा. एका आजारी पाहुण्याने सारे बिऱ्हाड बसते. दोन माशांच्या आगमनात महिन्याचे अंतर असावे, आणि चार फुटी टाकीत सहा-सात लहान मासे झाले की हात आवरावा. एखादा नकोसा झाला तरी तो खाडीत सोडू नये.

ह्या जोडीकडे नीट पाहा. मोठी ती मादी, धाकटा तो नर. मादी गेली तर तोच नर काही काळाने मादी होतो. ती दगडावर अंडी घालते आणि नर पंखांनी वारा घालीत त्यांची राखण करतो. एवढे नाट्य घरबसल्या दिसत असताना प्रवाळाची उणीव भासू नये.

तात्पर्य, घरात आपण मासे पाळीत नसून पाणी पाळीत असतो. पाणी नीट पाळले तर मासे आपोआप जगतात. टाकी वाढवावी ती पाण्यासाठी; मासे मोजकेच असावेत; आणि प्रवाळ पाहायचेच झाले, तर मालवणला जाऊन, ओहोटी-भरती सांभाळून, त्याच्या घरी त्याला भेटावे. पाहुण्याने यजमानाच्या घरातले सामान उचलून आणू नये, एवढी रीत आपल्याला ठाऊक आहेच.