विश्लेषण : वीज गेली की फायबरची लँडलाइन का बंद पडते? बॅटरी कधी आणि कशी बदलायची?

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन घरात मिट्ट अंधार असतानाही वाजायचा. तोच नंबर फायबरवर गेल्यावर मात्र वीज गेली, की काही क्षणांत डायल टोनही जातो. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. फोन जिवंत ठेवण्याचे काम पूर्वी एक्स्चेंज करत असे, आता ते ग्राहकाच्या घरात आले आहे. त्यासाठी अनेकांनी टीव्हीच्या मागे एक छोटा बॅटरी बॉक्स बसवलेलाही असतो. अडचण अशी, की हा बॉक्स दोन-तीन वर्षांत गुपचूप दम सोडतो आणि ते कळते थेट वीज गेल्यावर.

जुना फोन विजेशिवाय कसा चालायचा?

तांब्याच्या दोन तारांतून आवाज यायचा, तशीच वीजही यायची. एक्स्चेंजमधून 48 व्होल्टचा डीसी पुरवठा सतत सुरू असे. तिथे बॅटऱ्यांची अख्खी खोली आणि डिझेल जनरेटर असायचा. गावाची वीज गेली तरी फोनला त्याचा पत्ता नसे.

फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही. घरातली ओएनटी, म्हणजे ज्याला आपण सरसकट मोडेम किंवा राउटर म्हणतो ती पेटी, या प्रकाशाचे रूपांतर इंटरनेट आणि आवाजात करते. फोनची वायर तिच्याच मागच्या जॅकमध्ये लावलेली असते आणि ती चालते भिंतीवरच्या अडॅप्टरवर, बहुधा 12 व्होल्टच्या. गंमत म्हणजे घर आणि एक्स्चेंज यांच्यामध्ये फायबरच्या फांद्या पाडणाऱ्या स्प्लिटरला वीज लागतच नाही. त्यामुळे बरेचदा बाहेरची लाइन व्यवस्थित असते, फक्त घरातले टोक मेलेले असते.

मोबाइल असताना याची काळजी कशाला?

12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत वीज परतायला अनेक दिवस लागले. अशा वेळी मोबाइलचे टॉवरही बॅटरी आणि डिझेलवरच तग धरतात. डिझेल पोहोचले नाही की तेही बंद. जिथे घरात मोबाइलची रेंज धड नाही, किंवा वयस्कर माणसे एकटी राहतात आणि त्यांना भिंतीजवळचा फोनच हाताशी वाटतो, तिथे 108 किंवा 112 लावण्यासाठी हाच फोन उरतो. अशा घरासाठी बॅटरी ही चैनीची गोष्ट नव्हे.

अमेरिकेत यावर काय केले?

व्हेरायझन कंपनीने घरोघरी फायबर नेताना फोनसाठी वेगळा बॅटरी बॉक्स बसवला. त्यात 12 व्होल्ट, 7.2 अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असे. वीज गेली की ती फक्त फोनला पुरवठा करी, इंटरनेट आणि टीव्हीला नाही. बॅटरी म्हातारी झाली की बॉक्स बीप-बीप करू लागे आणि ती बदलणे हे ग्राहकाचे काम असे. पुढे कंपनीने टॉर्चमधल्या जाड डी-सेलवर चालणारा पर्यायही आणला, एका बॉक्समध्ये असे 12 सेल. चार्जिंगवर कायम पडून राहणाऱ्या बॅटरीपेक्षा गरजेपुरते वापरायचे सेल कपाटात जास्त टिकतात, हा त्यातला साधा फायदा.

2015 मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने नियम केला, की विजेवर अवलंबून असलेली घरगुती फोन सेवा देणाऱ्या कंपनीने ग्राहकाला 8 तासांच्या बॅकअपचा पर्याय द्यावा आणि 3 वर्षांत 24 तासांचाही. पैसे ग्राहकाचे असत, पण बॅटरी किती चालेल, कशी सांभाळायची आणि कधी बदलायची हे सांगणे कंपनीचे काम असे. हा नियम 2025 पर्यंतच लागू होता.

आपल्याकडे फायबर जोडणीबरोबर सहसा बॅटरी येत नाही. ग्राहक ऑनलाइन मिनी यूपीएस मागवतो किंवा इन्व्हर्टरवर भागवतो. हे मिनी यूपीएस एक-दोन दिव्यांपलीकडे फारसे काही सांगत नाहीत.

बॉक्सवरचा आकडा खरा किती?

बाजारातल्या मिनी यूपीएसवर 7800 एमएएच असे ठळक लिहिलेले दिसते. 12 व्होल्टला 7.8 अँपिअर-अवर असा त्याचा अर्थ लावला, तर फसगत ठरलेली. हा आकडा बहुतेक वेळा आतल्या लिथियम सेलचा, म्हणजे 3.7 व्होल्टचा असतो. 7.8 गुणिले 3.7 म्हणजे सुमारे 29 वॉट-अवर. ओएनटी आणि वायफाय मिळून 9 वॉट घेत असतील आणि व्होल्टेज वाढवताना थोडी वीज वाया जात असेल, तर नवीकोरी बॅटरीही अडीच-पावणेतीन तासच चालणार. याउलट 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिडमध्ये कागदावर 84 वॉट-अवर असतात. म्हणून एमएएच बाजूला ठेवून वॉट-अवर विचारावेत. जो विक्रेता ते सांगू शकत नाही, त्याच्या ‘8 तास बॅकअप’वर विश्वास कशाला ठेवायचा?

बदलायची वेळ झाली हे कसे ओळखायचे?

सगळ्यात भरवशाची चाचणी फुकट आहे. बॅटरी पूर्ण चार्ज असताना भिंतीवरचे बटण बंद करावे, फोन उचलून डायल टोन पाहावा आणि तो किती वेळाने जातो ते घड्याळावर मोजावे. तारीख आणि वेळ बॉक्सवरच चिकटपट्टी लावून लिहावी. दर सहा महिन्यांनी, निदान पावसाळ्याआधी, हेच पुन्हा करावे. वेळ पहिल्याच्या निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी.

लेड-ॲसिड बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षे टिकते, पण तो हिशेब 20 ते 25 अंश तापमानाचा. तापमान दर 10 अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, त्यातही सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेली बॅटरी किती टिकेल, याचा अंदाज त्यावरून यावा. बॉक्स किंवा बॅटरी फुगली असेल तर चाचणी वगैरे काही नको, तिचा वापर लगेच थांबवावा.

बदलताना काय पाहायचे?

लेड-ॲसिडची बॅटरी घरी बदलता येते. व्होल्ट आणि अँपिअर-अवर तेच हवेत. आकारासोबत टर्मिनलच्या पट्टीची रुंदीही तपासावी. ती 4.75 किंवा 6.35 मिलिमीटर असते आणि दुकानातून नेमकी इथेच चूक होऊन येते. आधी मुख्य वीज बंद करावी, मग काळी वायर काढावी, नंतर लाल. बसवताना उलट, लाल आधी. स्क्रू ड्रायव्हर दोन्ही टर्मिनलना एकदम टेकता कामा नये. लेड-ॲसिडच्या बॉक्समध्ये ‘जास्त टिकते’ म्हणून लिथियम बॅटरी बसवू नये, दोघींचे चार्जिंगचे गणित वेगळे असते.

मिनी यूपीएस मात्र उघडूच नये. आतले सेल पट्ट्यांनी वेल्ड केलेले असतात आणि त्यांना संरक्षक सर्किट असते. तो कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावा किंवा सरळ नवा घ्यावा. घेताना ओएनटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवावेत. काही पेट्या 9 व्होल्टवर चालतात, त्यांना 12 देऊन चालणार नाही. अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत. पिनही घट्ट बसायला हवी. ढिली पिन लागते, चालतेही, आणि मग ओएनटी मधूनच रिस्टार्ट होत राहते.

बॅटरी नवी, तरी फोन बंद?

पहिला संशय कॉर्डलेस फोनवर. त्याच्या बेसला स्वतःची वीज लागते, त्यामुळे ओएनटी चालू असूनही तो गप्प राहतो. एक साधा वायरचा फोन घरात ठेवावा, त्याला लागणारी वीज ओएनटीच्या जॅकमधूनच मिळते. इन्व्हर्टर असेल तर ओएनटीचा प्लग खरोखर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, तेही पाहावे. टीव्हीजवळचा सॉकेट पुष्कळदा नसतो. वीज जाताच ओएनटी रिस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा.

ओएनटी सुरू आहे, पण तिच्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर समोरून प्रकाशच येत नाही. दर वेळी वीज गेल्यावर असे होत असेल, तर बॅकअप बहुधा स्थानिक केबल ऑपरेटरच्या उपकरणाचा संपतो आहे. तक्रार तिथेच करावी, घरात आणखी बॅटरी बसवून काही होणार नाही.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लेड-ॲसिड जुनी दिली की दुकानदार नवीच्या किमतीत सूट देतो, ती मागून घ्यावी. लिथियमच्या उघड्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.